दुखणं कुणाचं, उत्तर कुणाचं?

डॉक्टर विचारतात, "काय होतंय बाळा?" स्टुलावर बसलेलं नऊ-दहा वर्षांचं मूल तोंड उघडणार, तोच मागे उभी असलेली आई सांगू लागते, "रात्री खोकतो, जेवत नाही, औषध म्हटलं की रडतो." डॉक्टर लिहून घेतात. मूल गप्प. भिवंडीतल्या गल्लीतल्या दवाखान्यापासून परळच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत हे चित्र सारखंच दिसतं.

मुलालाच विचारा की, असं कुणी सुचवलं तर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याला काय कळतंय? मी आई आहे, मला माहीत नाही का?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: "आणि लहान पोर खरंच सांगेल याचा काय भरवसा?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वर्षानुवर्षं आजाराबरोबर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ते फारच महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरं एकेक पायरी चढत शोधू.

१. आठ दिवसांचा ताप आणि आठ वर्षांचा आजार

ताप येतो, औषध घेतलं की जातो. अशा आजारात मुलाचं मत विचारलं नाही तरी फारसं बिघडत नाही. पण दमा, थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, मिरगी, टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचे काही विकार हे पाहुणे नसतात, घरात राहायलाच आलेले असतात. इथे उपचार म्हणजे रोजचं जगणं: रोजची सुई, रोजचा पंप, ठरावीक दिवशी रुग्णालय.

थॅलेसेमियाचं उदाहरण घ्या. या आजारात शरीर पुरेसं आणि टिकाऊ हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, म्हणून साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं. तीन आठवड्यांचं अंतर धरलं तर वर्षाच्या 52 आठवड्यांत सुमारे 17 वेळा. पहिल्या वाढदिवसापासून रक्त चढू लागलेलं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ 190 वेळा त्या खाटेवर झोपलेलं असतं. कोणत्या हाताची शीर सापडते, कोणती सिस्टर हलक्या हातानं सुई लावते, रक्ताची पिशवी यायला उशीर कुठे होतो, हे त्याला नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं.

भिवंडीच्या मुलाचा तर प्रवासही त्यात धरावा लागतो. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. तिथून परळ-दादरला थेट लोकल नाही. आधी बस किंवा शेअर रिक्षानं ठाणे-कल्याण गाठायचं, मग गर्दीतली लोकल. यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी कापडाच्या हिशेबानं मिळते. ज्या दिवशी माग सोडून मुलाला घेऊन गेला, त्या दिवशी हातात काही नाही. हे सगळं मूल बघत असतं. उपचार कसा झाला, याचा सगळ्यात जवळचा साक्षीदार तेच आहे. त्या साक्षीदाराची साक्षच न काढता आपण निकाल देतो.

२. मुलाला कळतं तरी किती?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच. मायरा ब्लूबॉण्ड-लँग्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर रुग्णालयात दीर्घकाळ वावरून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1978 मध्ये आलं. त्या मुलांना आजाराचं खरं स्वरूप मोठ्यांनी सांगितलेलं नव्हतं. तरी मुलांनी ते ओळखलेलं होतं. दुसऱ्या मुलांशी बोलून, औषधांची नावं ऐकून, मोठ्यांचं कुजबुजणं पाहून त्यांनी दोन आणि दोन चार केले होते. मोठ्यांना हा विषय नको आहे, हेही त्यांनी हेरलं होतं. म्हणून तीही काही माहीत नसल्यासारखी वागत. आईबापांनी मुलांपासून लपवायचं आणि मुलांनी आईबापांपासून, असा दुहेरी खेळ चाललेला होता.

म्हणजे मुलाला कळत नाही ही अडचण नाही. कळलेलं सांगायची रीत वयाप्रमाणे बदलते, ती मोठ्यांना ठाऊक नसते. ढोबळ मानानं असं:

तीन-चार वर्षांचं मूल "दुखतंय का" आणि "कुठे" एवढं सांगू शकतं. बोट ठेवून दाखवतं. "किती" हा प्रश्न त्याला झेपत नाही.

पाच ते सात वर्षांचं मूल तीन पर्यायांतून एक निवडू शकतं: अजिबात नाही, थोडं, खूप. चित्र असेल तर आणखी सोपं.

आठच्या पुढचं मूल पाच पर्याय हाताळू शकतं आणि मागच्या काही दिवसांतलं आठवून सांगू शकतं. मात्र "गेल्या महिन्यात" यापेक्षा "ईदपासून" किंवा "शाळा सुरू झाल्यापासून" असं विचारलं तर उत्तर नेमकं येतं.

तेराच्या पुढच्या मुलामुलींना मोठ्यांसारखं विचारता येतं, पण त्यांना आडोसा लागतो. आईसमोर मुलगी पाळीबद्दल बोलणार नाही. बापासमोर मुलगा गोळ्या खिडकीबाहेर टाकतो हे कबूल करणार नाही.

३. आईचं उत्तर आणि मुलाचं उत्तर

मग आईचं उत्तर खोटं का? मुळीच नाही. आई जे पाहते ते खरंच सांगते. प्रश्न आहे तो तिला दिसत नाही त्या भागाचा. भिवंडी कापडाचं गाव आहे, तेव्हा कापडाच्याच भाषेत बोलू: लेकराचा सदरा बेतायचा तर शिंपी आईच्या अंगाचं माप घेत नाही, मग आई कितीही जवळची असो.

दीर्घ आजारी मुलांवरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ताप, चालता न येणं, उलट्या अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत आईवडील आणि मूल यांची उत्तरं बरीचशी जुळतात. भीती, उदासी, एकटेपणा, शाळेतली चिडवाचिडवी अशा आतल्या गोष्टींत ती फाकतात.

याचा नमुना दम्याच्या एका प्रश्नावलीत आहे. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ती जगभर वापरतात. तिच्यात सात प्रश्न आहेत. पहिले चार मूल स्वतः सोडवतं, चेहऱ्यांची चित्रं बघून. आज दमा कसा आहे, पळताना-खेळताना त्याचा त्रास होतो का, खोकला येतो का, रात्री त्यानं जाग येते का. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, म्हणजे मुलाकडे 12 गुण. उरलेले तीन प्रश्न पालकांचे. गेल्या चार आठवड्यांत किती दिवस दिवसा त्रास झाला, किती दिवस छातीत घरघर झाली, किती रात्री मूल जागं झालं. प्रत्येकाला 0 ते 5, म्हणजे 15 गुण. एकूण 27. बेरीज 19 किंवा त्याहून कमी आली तर दमा पुरेसा आटोक्यात नाही असं समजायचं.

आता एक कल्पित उदाहरण सोडवू. शांतीनगरमधली नऊ वर्षांची मुलगी. आज दमा कसा? "बरा." 2 गुण. खेळताना? "त्रास होतो, मला नाही आवडत." 1 गुण. खोकला? "कधी कधी." 2. रात्री जाग? "बहुतेक वेळा." 1. मुलीचे झाले 12 पैकी 6.

आईच्या मते तिन्ही गोष्टी महिन्यातून दोन-तीन दिवसच होतात. प्रत्येकी 4 गुण, म्हणजे 15 पैकी 12.

नुसत्या आईला विचारलं असतं तर पाचातले चार भाग उत्तम, सगळं ठीक. दोघींचं मिळून 18 होतात. 19 च्या आत. म्हणजे दमा आटोक्यात नाही. डॉक्टरांनी पंप नीट ओढला जातो का, रोज घेतला जातो का, घरात धूर किंवा तंतूची धूळ किती, हे तपासायला हवं.

आणखी एक पाहा. रात्रीच्या जागरणाबद्दल दोघींची उत्तरं सर्वांत जास्त फाकली आहेत. का? दिवसभर राबून आई गाढ झोपते, बाप रात्रपाळीला असतो, मुलगी उठून बसते आणि कुणाला उठवत नाही. दोन उत्तरांतल्या या फरकातूनच घरातली एक गोष्ट डॉक्टरांना कळली. म्हणून दोन्ही उत्तरं घ्यावीत, वेगवेगळी लिहावीत, आणि न जुळणाऱ्या जागी थांबून पुन्हा विचारावं.

४. प्रकृती कशी आणि वागणूक कशी: हे दोन प्रश्न वेगळे

मुलांचं म्हणणं गोळा करताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, "तुझी तब्येत कशी आहे?" दुसरी, "तुझी काळजी कशी घेतली गेली?" पहिल्याचं उत्तर उपचार बदलायला उपयोगी पडतं, दुसऱ्याचं रुग्णालय सुधारायला. मूल बरं होत असेल तरी त्याच्याशी वागणूक वाईट असू शकते. उलटही घडू शकतं.

पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी बनवलेली 'पेड्सक्यूएल' ही प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्या मुख्य भागात 23 प्रश्न आहेत: शरीराबद्दल 8, मनाबद्दल 5, मित्रमैत्रिणींबद्दल 5, शाळेबद्दल 5. आजारी मुलाला "मित्र खेळायला घेतात का", "शाळा बुडते का" असं विचारणं हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, हे त्यात मानलेलं आहे. पाच वर्षांपासूनच्या मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे नमुने आहेत, पालकांसाठी वेगळा.

दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथली देखरेख संस्था, केअर क्वालिटी कमिशन, 2014 पासून दर काही वर्षांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या मुलांची पाहणी करते. आठ ते पंधरा वर्षांची मुलं स्वतः उत्तरं भरतात. सात वर्षांपर्यंतच्या मुलांची पालक भरतात.

आपल्याकडे काय आहे? केंद्र सरकारची 'मेरा अस्पताल' ही अभिप्राय घेण्याची योजना 2016 मध्ये सुरू झाली. संदेश, फोन किंवा अ‍ॅप यांतून रुग्णाला त्याचा अनुभव विचारला जातो. कल्पना चांगली आहे. पण रुग्ण नऊ वर्षांचा असेल तर नोंदवलेला मोबाइल बापाचा असतो, आणि फोन वाजतो तेव्हा बाप मागावर असतो. मुलापर्यंत प्रश्न पोचतच नाही. 2021 मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या बालसेवा सुधारण्यासाठी 'मुस्कान' हा उपक्रम आला. बालविभाग मुलांना आपलासा वाटावा हा त्याचा एक हेतू. तो वाटतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच मुलांचा.

५. विचारायचं कसं?

*चेहरे.* चेहऱ्यांच्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. वाँग-बेकर पट्टीत पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा अश्रू ढाळणारा आहे. 2001 मध्ये सुधारून आलेल्या दुसऱ्या पट्टीत सहा चेहरे आहेत, पण हसू नाही आणि अश्रूही नाहीत. कारण महत्त्वाचं आहे. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांत मूल दुखणं आणि दुःख यांची गल्लत करतं. "मला खूप दुखतंय पण मी रडत नाही" असं म्हणणारा मुलगा रडका चेहरा निवडायला तयार होत नाही. आणि सुईला घाबरलेली मुलगी दुखत नसतानाही तोच निवडते. म्हणून भीतीबद्दल वेगळं विचारावं, दुखण्याबद्दल वेगळं.

*चिंचोके.* कागद-पेन नको असेल तर मुलाच्या हातात दहा चिंचोके द्या. समोर चार वाट्या: सुई, वाट बघणं, घरापासून लांब राहणं, शाळा बुडणं. "ज्याचा जास्त त्रास त्यात जास्त चिंचोके टाक." दहा बियांची ही पद्धत गावपातळीवरच्या सहभागी पाहण्यांत जुनीच आहे. रुग्णालयाला वाटतं, मुलाला सर्वांत जास्त त्रास सुईचा. चिंचोके शाळेच्या वाटीत पडले तर मोठ्यांचा अंदाज चुकला असं समजावं.

*चित्र.* शरीराची बाह्यरेषा काढून द्यावी आणि दुखणाऱ्या जागा रंगवायला सांगाव्यात. किंवा "रुग्णालयातला तुझा दिवस काढ" म्हणावं. चित्राचा अर्थ मात्र आपण लावू नये. काळा रंग दिसला की लगेच उदासी ठरवायची नाही, कदाचित खडूंच्या डबीत तेवढाच उरला असेल. "हे काय काढलंस ते सांग" असं विचारावं आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

*प्रश्नाची घडण.* "शहाणा आहेस ना, दुखलं नाही ना फार?" या प्रश्नाचं एकच उत्तर आहे. मुलं मोठ्यांना खूश करायला "हो" म्हणतात. त्याऐवजी "सुई लावली तेव्हा काय काय झालं?" असा मोकळा प्रश्न आधी, मग बारकावे. एका वाक्यात एकच गोष्ट. "डॉक्टर आणि सिस्टर चांगल्या वागल्या का?" यात दोन प्रश्न आहेत. डॉक्टर चांगले आणि सिस्टर रागीट असतील तर मुलानं काय सांगायचं? शेवटी एक प्रश्न स्वप्नाचा ठेवावा: "तू इथली मोठी डॉक्टर झालीस तर पहिलं काय बदलशील?" तक्रार करायला घाबरणारं मूलही याचं उत्तर देतं.

*भाषा.* भिवंडीत हा मुद्दा सर्वांत जड आहे. शहरात उर्दू आणि हिंदी बोलणारी घरं आहेत, पद्मानगरच्या बाजूला तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत, उत्तरेकडून आलेले भोजपुरी बोलणारे कामगार आहेत. तालुक्याच्या गावांत आगरी आणि कुणबी, पाड्यांवर वारली आणि कातकरी. शुद्ध मराठीतला छापील कागद यांतल्या अनेक मुलांना परका. प्रश्नावली परदेशातून आली असेल तर आणखी एक पेच. तिथे अंतर इमारतींच्या रांगांनी मोजतात, इथे "धामणकर नाक्यापर्यंत चालत गेलास तर दम लागतो का?" असं विचारायला हवं. असे बदल करायचे तर प्रश्नावली बनवणाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि आधी चार-पाच मुलांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं.

*कोण आणि कधी.* ज्या हातानं सुई टोचली त्याच हातानं अभिप्रायाचा कागद पुढे करू नये. समाजसेवक, समुपदेशक किंवा मुलांशी गट्टी असलेली एखादी ताई हे काम चांगलं करते. रक्त चढत असताना मधला निवांत वेळ बरा. घरी जायच्या घाईत विचारलं तर सगळंच "चांगलं" असतं.

६. पण मूल खरं सांगेल का?

मुलं सहसा उगाच खोटं बोलत नाहीत. खरं न सांगण्याची त्यांची कारणं पक्की असतात. "दुखतंय म्हटलं तर आणखी एक सुई मिळेल." "सिस्टरबद्दल वाईट बोललो तर पुढच्या वेळी ती राग काढेल." आणि सगळ्यांत जड कारण: "मला बरं नाही म्हटलं तर अब्बांचा आजचा खाडा होईल." गरीब घरातलं आजारी मूल घरखर्चाचा हिशेब मनात ठेवूनच उत्तर देतं.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, विचारण्याआधी त्याची संमती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी राजीखुशी घ्यावी लागते. रुग्णालयाच्या साध्या पाहणीतही हीच रीत पाळावी. "नाही" म्हणायची खरी मुभा असेल तेव्हाच "हो" ला अर्थ येतो, आणि "नाही" म्हटल्यानं उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हे मुलाला स्पष्ट सांगावं.

दुसरा उपाय, नाव न लिहिणं. पण इथे खबरदारी हवी. एका विभागात हिमोफिलियाची दोनच मुलं असतील तर नाव न लिहिताही कोण बोललं ते कळतं. अशा वेळी अनेक महिन्यांची उत्तरं एकत्र करूनच मांडावीत.

तिसरा उपाय, गुप्ततेची मर्यादा आधीच सांगणं. "तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही" हे वचन देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून असं सांगावं: "तुझं बोलणं मी तुझ्या नावानं कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल तर तुला वाचवण्यासाठी मला सांगावं लागेल."

७. सरासरीचा सापळा

समजा, रक्त चढवायला येणाऱ्या 20 मुलांनी त्या दिवसाला 1 ते 5 गुण दिले. 15 मुलांनी 5 दिले, 5 मुलांनी 1. बेरीज 75 अधिक 5, म्हणजे 80. वीसनं भागलं तर सरासरी 4. अहवालात लिहिलं जाईल: "मुलं समाधानी, पाचपैकी चार गुण."

पण एकाही मुलानं 4 गुण दिलेलेच नाहीत! पंधरा खूश आहेत आणि पाच हैराण. ती पाच कोण? उत्तरांचे कागद वेगळे काढून पाहिले, तर समजा असं दिसलं की पाचही लांबून येतात, पोचायला उशीर होतो, म्हणून रक्त दुपारनंतर सुरू होतं आणि परतायला रात्र होते. आता सुधारणा सोपी झाली: लांबच्या मुलांची रक्तजुळणीची तपासणी आदल्या दिवशी जवळच्या ठिकाणी नमुना घेऊन करता येईल का, हे पाहायचं. सरासरीनं ही पाच मुलं पुसून टाकली होती. मुलांची संख्या कमी असते तिथे आकड्याआधी एकेक कागद वाचावा.

८. ऐकलं, आता पुढे काय?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये मुलांचं म्हणणं ऐकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. मुलाला बोलायला सुरक्षित जागा हवी. बोलण्याचं साधन हवं. ऐकणारा असा हवा ज्याच्या हातात काही बदलण्याची ताकद आहे. आणि बोलण्याचा परिणाम व्हायला हवा. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्यांवर उत्साह संपतो. रंगीत भिंती होतात, चित्रकला स्पर्धा होते, फोटो निघतात. मुलाचा कागद मात्र निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर जात नाही.

परिणाम मोठाच असायला हवा असं नाही. ब्रिटनमध्ये एका आईनं सांगितलं होतं की वॉर्डात शिरल्यावर पंधरा पावलांतच आपल्या मुलीची इथे कशी काळजी घेतली जाणार ते तिला कळतं. तिच्या मुलीला वारंवार रुग्णालयात दाखल करावं लागे. त्यावरून तिथे 'पंधरा पावलं' नावाची पद्धत निघाली. रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी मिळून वॉर्डात शिरतात आणि काय दिसतं, काय ऐकू येतं, कसं वाटतं ते नोंदवतात. त्याला यंत्र लागत नाही, खर्चही नाही.

ऐकून घेण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. 2007 मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे जिल्हा होता. गावकरी सेवेचं प्रगतिपुस्तक भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडत. तिथे बोलत ती मोठी माणसं. त्याच धर्तीवर मुलांचं प्रगतिपुस्तक भरता येणार नाही असं काही नाही.

खुद्द भिवंडीचा अनुभव तर फार बोलका आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसत, लहानसहान कुरबुरी तिथेच ऐकल्या आणि मिटवल्या जात. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. वरवर पाहता पोलिसांच्या या कामाचा आजारी मुलांशी संबंध नाही. पण काही घडण्याआधी, ठरलेल्या दिवशी आणि निर्णय घेणाऱ्याच्या समोर ऐकायचं, हे या शहरानं एकदा करून दाखवलेलं आहे.

९. कायदा काय म्हणतो आणि आपण काय करावं

मुलांचं ऐकणं ही मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा आणि वय-समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क आहे. भारतानं हा करार डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणखी नेमका आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार दिव्यांग मुलांना त्यांच्याशी संबंधित सर्व बाबतींत मोकळेपणानं मत मांडता येईल हे पाहणं सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं काम आहे. स्थानिक संस्थांत महापालिका आली. आणि त्या कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे तिन्ही आहेत.

सुरुवात शाळेतूनही करता येते. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरलाच सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वजन, डोळे, दात तपासणाऱ्या पथकानं आधीपासून औषध चालू असलेल्या मुलाला "तुला उपचारांत सर्वांत जास्त काय जड जातं?" एवढा एक प्रश्न विचारला तर वेगळी योजना लागणार नाही.

रुग्णालयांनी महिन्याला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी मुलांनी सांगितलेल्या गोष्टींतली एक तरी निवडावी, बदलावी आणि विभागाच्या दारावर मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहावी: तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं. जमलं नसेल तर का जमलं नाही तेही लिहावं. एकदा विचारून काहीच न करणाऱ्याला मूल दुसऱ्यांदा खरं सांगत नाही.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी गोष्ट आणखी सोपी आहे. पुढच्या तपासणीला जाताना रिक्षात किंवा लोकलमध्ये मुलाला विचारा, "आज डॉक्टरांना तुला काय सांगायचंय?" तपासणीच्या खोलीत गेल्यावर पहिली दोन मिनिटं त्याला बोलू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका, तुमचं म्हणणं नंतर सांगा. डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारू लागले तर नम्रपणे म्हणा, "आधी त्यालाच विचारा, डॉक्टर."